पान जसे होते तसे

दवाखान्याचं दार लोटून ती आत शिरली तेव्हा दादा हात धूत होता. शेवटचा रोगी नुकताच गेला होता. खुर्ची मागे कललेलीच होती आणि वरचा दिवा तिच्यावर उगाच जळत होता. तिने पर्समधून छापील प्रतीतले पहिले दोन कागद काढले आणि अवजारांच्या तबकात, चिमट्यांवरच ठेवले.

"ते निर्जंतुक केलेलं आहे," दादा म्हणाला.

"वाच."

"हात ओले आहेत माझे."

"मग मी वाचते. 'बंद खोलीत हीटर वापरताना खिडकी किमान चार बोटे उघडी ठेवावी. अन्यथा विषारी वायू साचून जिवाला धोका संभवतो.' दुसरं पान, बरोबर मधोमध."

दादाने नॅपकिन घेतला आणि एकेक बोट वेगळं पुसलं. दातांचा डॉक्टर होता तो. घाई त्याच्या हातांना ठाऊकच नव्हती.

"हे तिथं नव्हतं," तो म्हणाला.

"तारीख बघ. तू हीटर बसवलास त्याच आठवड्यातली प्रत आहे."

"तारीख असेल. मी ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं. खिडकीचा शब्द नव्हता."

"म्हणजे कागद खोटा बोलतोय?"

"मला काय माहीत? तुमच्याच कारखान्यातला माल आहे."

माल खरोखर तिच्याच कारखान्यातला होता. ती जिथे नोकरी करायची तिथे दिवसभर एकच गोष्ट चाले: वेबसाइटची पानं उचलायची आणि त्यांची पीडीएफ करून ठेवायची. कंपन्यांच्या अटी, हमीपत्रं, वापराच्या सूचना, किमती. वेबसाइटवरचा मजकूर म्हणजे पाटीवरची अक्षरं; सकाळी एक, संध्याकाळी दुसरं, आणि पुसणाऱ्याचा हात कोणालाच दिसत नाही. म्हणून विमा कंपन्या आणि वकील या संस्थेकडे येत. अमक्या दिवशी तमक्या पानावर काय होतं, हे दाखवणारी प्रत त्यांना इथे मिळे. हे काम माणसं करत नसत. तिने लिहिलेली स्क्रिप्ट ठरल्या वेळी आपोआप उठायची, यादीतलं एकेक पान उघडायची, छापायची, तळाशी शिक्का मारायची आणि पुढच्या पानाकडे वळायची. शिक्क्यात चारच शब्द होते: पान जसे होते तसे.

बाबांना थंडी सोसेना म्हणून दादाने गॅसचा हीटर आणून त्यांच्या खोलीत बसवला होता. खोक्यात माहितीपुस्तिका नव्हती; सूचना वेबसाइटवर वाचाव्यात, एवढी एक चिकटपट्टी होती. बाबांचा फोन नुसता बटणांचा. म्हणून दादाने आपल्या मोबाइलवर ते पान वाचलं आणि हीटर जोडून दिला. बाबांनी उभ्या आयुष्यात छापखान्यात मुद्रितं तपासली होती. औषधाच्या बाटलीवरचा कागददेखील ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि त्यातल्या चुका काढत. त्यांनी दादाला विचारलं होतं, "सगळं वाचलंस ना?" दादा हो म्हणाला होता. पुढे एका थंडीच्या रात्री त्यांनी खिडकी घट्ट लावून घेतली, आणि सकाळी दूधवाल्याने घंटा वाजवली तरी दार उघडलं नाही.

बाबा गेल्यावर ते पान बदललं. खिडकीबद्दलची सूचना आता सगळ्यात वर, लाल पट्टीत झळकत होती. दोघा भावंडांनी मिळून कंपनीविरुद्ध तक्रार केली: ही सूचना आधी नव्हती, माणूस गेल्यावर घातली. कंपनीने उत्तर दिलं की सूचना पहिल्यापासून होती. तेव्हा तिनेच मोठ्या विश्वासाने आपल्या वकीलबाईंना सांगितलं होतं, की ते पान आमच्या यादीत आहे, आमच्या संस्थेकडून जुनी प्रत मागवा, दूध का दूध होईल. कामाच्या नियमाप्रमाणे तिला स्वतःला ती प्रत आधी उघडून पाहता येत नव्हती. ती रीतसर निघाली आणि दोन्ही बाजूंना एकाच दिवशी पोचली. हात दाखवून अवलक्षण, ते असं.

"तू वाचलं नाहीस," ती आता म्हणाली. "चाळलंस. इथे खुर्चीत कोणीतरी आ करून पडलेलं असणार आणि तू एका हाताने मोबाइल सरकवत असणार."

"वाचलं मी."

"बाबांनी विचारलं तेव्हा तू हो म्हणालास. तुझ्या भरवशावर झोपले ते."

दादाने दिवा बंद केला. खुर्ची सरळ करायची कळ दाबली आणि ती हळूहळू उठून बसेपर्यंत तो तिच्याकडेच बघत राहिला, बहिणीकडे नाही.

मधलं दार उघडून वहिनी आत आली. बाहेरच्या टेबलावर रोग्यांच्या वेळा तीच सांभाळायची. एरवी ती नणंदेला नावाने हाक मारी. रागावली की मात्र जुन्या चालीचं 'वन्सं' काढी.

"आवाज बाहेर ऐकू येतोय, वन्सं. लोकांना वाटेल आत भूल न देता दात काढतायत."

"वहिनी, हे आमच्या दोघांतलं आहे."

"असं? आणि बाबांचं पथ्यपाणी, डॉक्टरांच्या फेऱ्या, बंद पडलेला नळ, ते कोणाकोणातलं होतं? थंडी वाजतेय म्हणून त्यांनी फोन कोणाला केला होता, तुम्हाला की यांना?"

"मला केला नाही, कारण मी दूर राहते."

"तेच म्हणते मी. दुरून निशाणा बरा लागतो."

"मी निशाणा धरलेला नाही. कागदावर आहे ते सांगतेय."

"तुझा कागद घे," दादा म्हणाला. त्याने ते दोन्ही कागद चिमट्याने उचलले, रोग्याच्या तोंडातला कापूस उचलावा तसे, आणि तिच्यापुढे धरले. "आणि जा. मला ही अवजारं पुन्हा उकळायची आहेत."

ती गेली. त्यानंतर दोघांचं बोलणं थांबलं. वकीलबाईंचे निरोप दोघांना वेगवेगळे जाऊ लागले. तिने एकदा त्यांना सरळ विचारलं, की तक्रार मागे घेतली तर चालेल का. वकीलबाई म्हणाल्या, "घ्या की. पण त्यांचं उत्तर फाइलमध्ये तसंच राहील. 'बसवणाऱ्याने स्पष्ट सूचना वाचूनही दुर्लक्ष केले व त्यामुळे मृत्यू ओढवला.' वडिलांच्या मरणाचं कारण म्हणून भाऊ लिहिला जाईल. तुम्हाला चालणार असेल तर मला काय?"

तिला चालणार होतं. त्या दिवसांत तिला खरंच चालणार होतं. दादाने हलगर्जी केली हे एकदा मनाने घेतल्यावर जुनी कितीतरी कोडी तिला सुटल्यासारखी वाटू लागली. लहानपणी तो धड्याखालचे प्रश्न न वाचताच उत्तरं लिहायचा, परीक्षेत पान उलटायला विसरला होता. माणसावर राग धरायचा म्हटलं की स्मरणशक्ती चाकरीला हजर असतेच.

कंपनीचं सविस्तर म्हणणं आलं तेव्हा ती ऑफिसात होती. वकीलबाईंनी पाठवलेला मजकूर तिने जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतला. कंपनीच्या वकिलाने झोकात लिहिलं होतं: खिडकीबाबतची सूचना, हमीच्या अटी, सुट्या भागांचा तपशील, सेवा केंद्रांचे पत्ते, नेहमीचे प्रश्न व त्यांची उत्तरे, हे सर्व पान उघडताक्षणी वाचकासमोर होते, पाहा, संस्थेची प्रमाणित प्रत.

सेवा केंद्रांचे पत्ते? तिने पीडीएफ पुन्हा उघडली. खरंच, गावोगावचे पत्ते ओळीने पसरलेले होते. नेहमीचे प्रश्न होते आणि प्रत्येकाखाली उत्तरही होतं. मोबाइलवर बोटाने ढकलत जायचं तर अंगठा दुखेल इतकं लांब पान. इतकं लांब पान कोणती कंपनी गिऱ्हाइकासमोर एकदम पसरून ठेवते?

मग तिने शीर्षकं पाहिली. प्रत्येकाच्या डाव्या बाजूला एक बारीक त्रिकोण होता. असे त्रिकोण तिने आयुष्यात लाखो पाहिले असतील. मजकूर मिटलेला असला की टोक शीर्षकाकडे असतं. बोट लावून उघडला की टोक खाली वळतं. या पानावर एकूण एक त्रिकोण खाली वळलेला होता. खिडकीच्या सूचनेवरचाही. त्या सूचनेच्या वरचं शीर्षक होतं 'आणखी माहिती'.

दादाच्या मोबाइलवर तिथे एवढंच दिसलं असणार. आणखी माहिती. आणि एक त्रिकोण.

कोणीतरी ते पान छापायच्या आधी सगळं उघडलं होतं. ते कोणी, हे शोधायला तिला जागेवरून उठावं लागलं नाही. फार पूर्वी एका विमा कंपनीने ओरड केली होती, की तुमच्या प्रतींमध्ये निम्म्या अटी गायब असतात. त्या मिटलेल्या असत, म्हणून छापल्या जात नसत. तेव्हा तिने स्क्रिप्टमध्ये थोड्या ओळी घातल्या. पान आलं की आधी त्याची सगळी झाकणं उघडायची आणि मग पीडीएफ करायची. ऑफिसात सगळे त्याला 'कड्या काढणं' म्हणत. त्या कामाबद्दल तिचं कौतुक झालं होतं, पुढे बढतीही मिळाली. प्रत पूर्ण व्हायला लागली, गिऱ्हाईक खूश झालं, आणि शिक्का तोच राहिला. पान जसे होते तसे. तो बदलायला हवा हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही, तिच्याही.

पीडीएफ तयार झाली की मूळ पान फेकून दिलं जाई, दाणे काढून टरफलं टाकावीत तसं. त्यामुळे ते आधी कसं दिसत होतं, हे सांगणारं आता जगात काही उरलं नव्हतं. एक दादा सोडला तर.

तिचा डबा तसाच राहिला.

संस्थेच्या मालकाला सगळे पाठीमागे मुकादम म्हणत, कारण तो बसून कधी बोलत नसे. हातात कप घेऊन टेबलांच्या रांगांतून फिरायचा आणि कोणाच्याही खांद्यामागे उभा राहायचा. तिने त्याला गाठलं तेही तसंच, खिडकीपाशी, उभ्या उभ्या.

ती सुनावणीत हे सांगणार, इथपर्यंत सगळं ऐकून तो म्हणाला, "आपण पानात एक तरी अक्षर आपल्या पदरचं घातलं का?"

"नाही."

"एक तरी गाळलं?"

"नाही."

"मग प्रत खरी आहे."

"मजकूर खरा आहे. तो दिसत होता, हे खोटं आहे."

"अगं, मिटलेली मूठ उघडली म्हणून बोटं वाढत नाहीत."

"शिक्का म्हणतो, मूठ उघडीच होती."

मुकादमाने कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला. तो कप खाली ठेवतो तेव्हा समोरच्याने सावध व्हावं, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

"पीडीएफ काय, कोणीही काढतं. शाळेतली पोरं काढतात. आपण ते चार शब्द विकतो. त्यांच्यावर इथल्या सगळ्यांच्या घरी चूल पेटते, तुझ्याही. तू तिथे उभी राहून म्हणालीस की शिक्का खोटा, की उद्या आजवरच्या प्रत्येक प्रतीवर माणसं बोट ठेवायला लागतील."

"ठेवतीलच. ठेवायला हवंच."

"भावासाठी एवढं?"

"भावाशी मी बोलत नाही."

"वा. मग ही उठाठेव कोणासाठी? कुंपणानेच शेत खायचं ठरवलंय का?"

तिला सांगता आलं असतं. माझे वडील कसे गेले हे चुकीचं लिहिलं जातंय, आणि ज्या हातांनी लिहिलं जातंय ते माझे आहेत. पण मुकादमापुढे वडिलांचं नाव काढणं तिला नको वाटलं.

"जायच्या आधी राजीनामा टेबलावर ठेव," त्याने कप उचलला. "म्हणजे तू काय बोललीस ते माजी कर्मचाऱ्याचं मत ठरेल. तेवढा तरी उपकार कर."

"राजीनामा देणार नाही. काढायचं तर काढा. कारण मात्र लेखी द्या."

सुनावणी एका सरकारी इमारतीतल्या लांबट खोलीत होती. लवाद म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बाई बसल्या होत्या. अंगात स्वेटर, नाकावर घसरलेला चष्मा. दादा आणि वहिनी पहिल्या रांगेत होते. ती आत आली तेव्हा वहिनीने शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली.

वकीलबाईंनी तिला पुढे बोलावलं. तिने कड्यांची गोष्ट सांगितली. साध्या शब्दांत सांगितली, तरी बोलता बोलता लवादांची नजर विझत चाललेली तिला दिसली. मग तिने विचारलं, "आपल्याच कार्यालयाचं पान भिंतीवर दाखवू का?"

परवानगी मिळाली. पडद्यावर लवाद कार्यालयाचं पान आलं: एक चित्र, खाली पाच-सहा शीर्षकं, बाकी मोकळी जागा. तिने तिथेच आपल्या स्क्रिप्टने त्या पानाची पीडीएफ काढून दाखवली. शीर्षकांखालून मजकुराचे ढीग बाहेर आले. लवादांनी चष्मा वर सरकवला आणि बराच वेळ वाचत राहिल्या.

"'लवादांच्या वर्तनाबद्दल तक्रार कोठे करावी,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "हे आमच्या पानावर आहे?"

"आहे. मिटलेलं आहे."

"मी रोज उघडते हे पान."

खोलीत कोणीतरी खोकलं. कंपनीचा वकील उठला. सडपातळ, गोड आवाजाचा माणूस. गोड आवाजातच तो चावत असे.

"बाई, तक्रारदार आपले सख्खे बंधू ना?"

"हो."

"आपणही तक्रारदार. आणि सोयीची साक्षीदारही आपणच. घरचाच मामला दिसतो."

"प्रत मीच मागवायला सांगितली होती. आली तेव्हा मी भावाला खोटं ठरवलं. त्यांना विचारा."

वकिलाने दादाकडे पाहिलं. दादा समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"बरं. म्हणजे आपल्या संस्थेच्या आजवरच्या सगळ्या प्रमाणित प्रती खोट्या, असं आपण शपथेवर सांगताय?"

मागच्या रांगेत मुकादम बसला होता. बसलेला तिने त्याला पहिल्यांदाच पाहिला.

"ज्या पानांवर मिटलेला मजकूर होता, त्यांच्यावरचा शिक्का खोटा आहे," ती म्हणाली. "त्या ओळी मी लिहिल्या. कड्या मी काढल्या. कोणी सांगितलं म्हणून नाही, मला ते चांगलं काम वाटलं म्हणून."

"पण सूचना तर पानात होतीच. बोट लावलं असतं तर दिसली असती."

"हो."

"आपल्या बंधूंनी बोट लावलं नाही."

"'आणखी माहिती' या शीर्षकाखाली मरण आहे, हे कोणाला कळणार होतं? मी तर तो कागद डोळ्यांसमोर धरून बसले होते, आणि मलाही कित्येक दिवस त्रिकोण दिसला नाही."

लवादांनी वकिलाला बसायला सांगितलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला: त्या काळात हीटरचं पान मोबाइलवर उघडल्याबरोबर कसं दिसत असे, याचा पुरावा कंपनीकडे आहे का? वकिलाने मागे वळून कंपनीच्या माणसाशी कुजबूज केली. नव्हता. पान बदललं तेव्हा जुनं ठेवलं नव्हतं.

लवादांनी टंकलेखकाला सांगितलं: सदर प्रत ही वाचकाला काय दिसत होते याचा पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही. तिच्या आधारे बसवणाऱ्याच्या हलगर्जीपणाविषयी केलेले विधान कंपनीच्या म्हणण्यातून वगळण्यात येते. तक्रार पुढे चालू राहील.

जिंकलं कोणीच नव्हतं. फक्त एक वाक्य गेलं होतं.

बाहेर व्हरांड्यात मुकादम तिच्यासमोरून गेला. "लेखी कारण उद्या मिळेल," एवढं बोलून तो उतरला. मागोमाग दादा आणि वहिनी बाहेर आले. वहिनी पुढे जाऊन जिन्याशी थांबली.

"चुकलं माझं, दादा," ती म्हणाली.

दादाने खिशातून गाडीची किल्ली काढली. "तुला ऑफिसात ते सापडलं नसतं तर?"

इथे एक खोटं सहज खपून गेलं असतं. आजच्या दिवशी तिला ते जमलं नाही.

"तर मी तुलाच धरलं असतं. जन्मभर."

"ते माहीत होतं मला. मशीनने सांगितलं तेव्हा मी खोटा, आता मशीननेच सांगितलं म्हणून खरा. मी सांगत होतो ते कुठे गेलं?"

दादाने थोडी वाट पाहिली. रोग्याला चूळ भरायला देतात तेवढीच.

"पुढच्या तारखेला ये," तो म्हणाला. "वकीलबाईंना तू लागशील. मला नको."

दोघं जिना उतरून गेली. ती कठड्याशी उभी राहिली आणि खाली दादाची गाडी फाटकातून बाहेर पडून वळेपर्यंत थांबली. त्यांच्याबरोबर उतरली असती तर काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि तिच्याजवळ होतं तेवढं खरं बोलून झालं होतं.